सहा वर्षांवरचं मूल : सोलापूरच्या सेटलमेंटमधलं एक प्रकरण

एका कायद्यात ‘मूल’ या शब्दाचा अर्थ असा दिला आहे : सहा वर्षांहून मोठी आणि अठरा वर्षांहून लहान व्यक्ती. वरची मर्यादा ओळखीची आहे. खालच्या मर्यादेपाशी मी अडखळलो. पाच वर्षांचं पोर मूल नाही, तर मग कोण? पुन्हा मागे जाऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. ही व्याख्या सबंध कायद्यासाठी नव्हतीच. ती एकाच कलमापुरती होती, आणि त्या कलमाने सरकारला दिलेला अधिकार होता मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सरकारी शाळेत ठेवण्याचा. सहाच्या आतल्या लेकराला न्हाऊमाखू घालायला, भरवायला, रात्री उठून पांघरूण घालायला आई लागते. ते काम कुठलं सरकार अंगावर घेणार? म्हणून या कायद्यातलं मूल सहापासून सुरू होत होतं.

हा कायदा म्हणजे १९२४ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याची मुळं १८७१ च्या पहिल्या कायद्यात. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ मध्ये नवा कायदा आला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. आपल्याकडे या कायद्याबद्दल बोलताना पोलीस, हजेरी, तारेचं कुंपण आणि जातींवरचा शिक्का यांबद्दल बोललं जातं. ते बोललं गेलंच पाहिजे. पण कायदा नीट वाचला तर त्याच्या मध्यभागी मूल बसलेलं दिसतं, आणि त्या मुलाबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

इथे एका मुलाचं प्रकरण मांडतो. तो १९२५ साली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना कुंपणाआड ठेवण्यासाठी काढलेल्या वसाहतीत, एका कैकाडी घरात जन्मला असं धरू. हे कुणा एका माणसाचं चरित्र नाही, म्हणून त्याला नाव देत नाही. मात्र त्याच्या वयाच्या ज्या वळणावर जो नियम सांगितला आहे तो खरा आहे, आणि शहर, गिरण्या, सालं खरी आहेत. मी फक्त त्याचं वय मोजत गेलो.

तारेआधी काय होतं

या मुलाचा आजा गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरत असणार. कैकाड्यांचं काम विणण्याचं. तुराट्या, निरगुडीचे फोक आणायचे, सोलायचे, भिजवायचे आणि त्यातून डालगी, दुरड्या, पाट्या, धान्याच्या कणग्या विणायच्या. सुगीच्या तोंडावर कणगी लागायची म्हणून गाव त्यांची वाट बघायचा, आणि सुगी सरली की त्याच गावाच्या नजरेत संशय यायचा. फिरत्या माणसाकडे गाव असाच बघतो. घरातली बोली तमिळला जवळची, बाजारातली मराठी. पोराला चालता येण्याआधी गाढवावर बसता यायचं, आणि दात पडायच्या वयात त्याच्या बोटांना फोक कुठे वाकतो आणि कुठे मोडतो ते कळायचं.

ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. उपासमार होती, आजाराला औषध नव्हतं, जातपंचायतीचे दंड होते. फिरत्या जमातींतली काही माणसं चोऱ्याही करत, हे त्या जमातींतल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. पण पोराचं आयुष्य पोराच्या पायांनी चालत होतं. चुकलं तर बापाची थप्पड, फार चुकलं तर आजीची शिवी, आणि रात्री त्याच आजीच्या कुशीत झोप.

मग धंदे बसत गेले. लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहायचे, ती वाहतूक रेल्वेने घेतली. जंगलावर सरकारी कायदे बसले आणि फासे लावून तित्तर-लाव्हे धरणारा पारधी आपल्याच रानात चोर ठरला. फिरणाऱ्या माणसाला शेतसारा लावता येत नाही, त्याचा पत्ता लिहून ठेवता येत नाही. सरकारला अशा माणसाचं भय वाटलं. त्या भयाला तर्काचा आधार मिळाला तो आपल्या जातिव्यवस्थेचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी असं मांडलं की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार, त्याचा तो पिढीजात धंदाच आहे.

या तर्काची मेख मुलात आहे. गुन्हा रक्तातून येतो असं एकदा मानलं की मूल निरागस राहूच शकत नाही. ज्याने अजून गुन्हा केलेला नाही असा गुन्हेगार, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या घोषणेला कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. कायद्यानेच ती वाट बंद केली होती.

तारेच्या आत

सोलापुरात जुनी मिल १८७७ पासूनची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं. गिरणीला माणसं हवी होती आणि सरकारला ‘गुन्हेगार’ माणसं एका जागी हवी होती. सेटलमेंट या दोन गरजांच्या सांध्यावर उभी राहिली. मुंबई इलाख्यात या कामाचे सूत्रधार ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी होते. त्यांनी सुरुवात विजापूर जिल्ह्यात केली, पुढे हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती झाल्या. सोलापूरच्या वसाहतीचं व्यवस्थापन काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनकडे होतं. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी, ज्यांचा एकमेकांशी रोटीचाही संबंध नव्हता अशा जमाती एका कुंपणात आल्या.

आपला मुलगा इथे जन्मला. त्याने गाढवावरचं बिऱ्हाड पाहिलं नाही. त्याने पाहिली ती हजेरी.

शाळेत आपण ‘हजर’ म्हणतो तेव्हा तो शब्द हलका असतो. सेटलमेंटमध्ये मोठ्या माणसांची हजेरी होती. नाव पुकारलं की माणसाने पुढे यायचं. बाहेर जायचं तर पास. भावाच्या घरी लग्न असलं तरी पास, आणि पासावर कुठे, किती दिवस ते लिहिलेलं. नोंदणी झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेता यायचे. पाच वर्षांच्या पोराला कायदा कळत नाही, पण त्याला बाप कळतो. त्या वयात बाप म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. तो बाप रोज रांगेत उभा राहून आपल्या नावाची वाट बघतो, आणि उशीर झाला तर खाली मान घालतो, हे ज्या पोराने रोज पाहिलं त्याच्याकडून काय गेलं, ते कुठल्या अहवालात लिहिता येईल? मला वाटतं बालपणाचा पहिला तुकडा तिथे गळून पडला. त्याला अजून कुणी हातही लावलेला नव्हता.

आणखी एक कलम या घरावर टांगलेलं होतं. नोंदणीतला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता, किंवा तशी संधी शोधत होता, असं कोर्टाला परिस्थितीवरून वाटलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झालेली असायची गरज नव्हती. कायद्याच्या अनुसूचीतल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. अशा घरातला बाप संध्याकाळी परतायला उशीर झाला की आई दाराशी कशी उभी राहत असेल, आणि तिच्या पदराला धरून उभं असलेलं पोर तिच्याकडून काय शिकत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

सहावं सरतं

मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं होतं. गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पोलीस हटले आणि काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आज शहराच्या मध्यभागी आहेत आणि सोलापूरकराला त्यांचा जो अभिमान वाटतो तो मलाही वाटतो. तरीही हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही की त्याच वर्षी, त्याच शहरात, आपल्या मुलाने सहा वर्षं पुरी केली आणि तो कायद्याच्या लेखी ‘मूल’ झाला. म्हणजे उचलून नेण्याजोगा झाला.

ते कलम काय म्हणतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. सरकार औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या धर्तीवरच्या शाळा काढू शकतं. गुन्हेगार जमातींच्या मुलांना आईबापांपासून किंवा पालकांपासून वेगळं करून त्या शाळांत ठेवू शकतं. तिथून त्यांना उमेदवारीवर, म्हणजे शिकाऊ म्हणून, कामाला लावता येतं. आणि या मुलांना १८९७ च्या सुधारगृह शाळा कायद्यातली काही कलमं लागू होतील, ती मुलं जणू त्या कायद्यातले बालगुन्हेगार आहेत असं समजून.

‘जणू’. सगळं प्रकरण या एका शब्दात आहे. सुधारगृहात जाणारं इतर कुठलंही मूल काहीतरी करून जात होतं. निदान त्याच्यावर आरोप असायचा, दंडाधिकारी असायचा, निकाल असायचा. या मुलाने काही केलेलं नाही हे कायद्याला माहीत होतं, म्हणून तर ‘जणू’ लिहावं लागलं. १८९७ सालीच मूळ कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात तर अशा मुलांच्या वयाची खालची मर्यादा चार वर्षं होती. पुढे ती सहा झाली. कुणाला तरी दया आली असावी, किंवा चार वर्षांचं पोर सांभाळणं जमलं नसावं.

सगळ्याच मुलांना उचललं असं नाही. काही मुलं वसाहतीतल्या शाळेत दिवसा जात आणि रात्री आईकडे झोपत, काहींना वसतिगृहात वेगळं ठेवलं जाई. पण ज्या घरातलं पोर केव्हाही नेता येतं, त्या घरात पोर असणं म्हणजे जामीन ठेवणं. आई रागावताना विचार करणार, बाप बोलताना विचार करणार. पोरांना हे फार लवकर कळतं. आपण आईचं भय आहोत हे समजलेलं मूल आईशी हट्ट करत नाही.

शाळेत मराठी आली, ती चांगली गोष्ट झाली. घरची बोली मात्र हळूहळू लाजेची झाली, कारण पोलिसांच्या लेखी ती ‘चोरांची सांकेतिक भाषा’ होती. आजीला दुसरी भाषा नीट येत नव्हती. नातू आणि आजी यांच्यामधलं बोलणं आटलं की गोष्टी आटतात. फोक वाकवणारी बोटं सूत जोडायला शिकली. कणगी विणणारा होऊ न शकलेला तो त्याच्या घरातला पहिला माणूस.

१९३७ मध्ये तो बारा वर्षांचा झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाला कारखान्यात दिवसाला पाच तास काम करता येत होतं. हा नियम सगळ्यांसाठी होता आणि सोलापुरात तारेबाहेरचीही गरीब मुलं गिरणीत जात होती, हे विसरून चालणार नाही. गिरणीतला कापूस कुणाच्या छातीत शिरताना जात विचारत नव्हता. फरक इतकाच की साळ्याचं किंवा कुणब्याचं पोर कंटाळून पळून मामाच्या गावाला गेलं तर मामा त्याला चार दिवस ठेवून घेई, समजूत घाली आणि परत आणून सोडी. आपलं पोर पळालं असतं तर त्याला ‘फरारी’ म्हटलं गेलं असतं.

खोडी

मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा येतो ते या शब्दासाठी.

मराठीत पोरांच्या चुकीला किती शब्द आहेत ते बघा. खोडी, व्रात्यपणा, वांडपणा, चावटपणा, आगाऊपणा, उपद्व्याप. यांतला एकही शब्द मोठ्या माणसाच्या गुन्ह्याला चालत नाही. भाषेने मुलांसाठी वेगळं अंगण राखून ठेवलं आहे. शेजारच्या परड्यातल्या कैऱ्या पाडल्या तर ती चोरी नव्हे, खोडी. आई लाडात येऊन तान्ह्याला ‘चोरा’ म्हणते, आजोबा नातवाला ‘लबाडा’ म्हणतात आणि हसतात. आणि देव तर आपण असा निवडला आहे की जो शेजारणींच्या घरात शिरून, सवंगड्यांच्या खांद्यावर चढून, शिंक्यावरचं लोणी चोरतो. संतांनी त्या चोरीच्या गौळणी लिहिल्या. गोकुळाष्टमीला आपण ती चोरी चौकाचौकांत पुन्हा करतो, थर लावतो, वरच्या पोराचं कौतुक करतो. यशोदेने त्याला उखळाला बांधलं एवढीच शिक्षा, तीही संध्याकाळपर्यंत.

म्हणजे मूल चुकेल, घेईल, खोटं बोलेल आणि तरी ते चोर होत नाही, ही समज आपल्या समाजात नव्हती असं नाही. ती भरभरून होती. ती फक्त काही पोरांपुरती होती.

कायद्याने आपल्या मुलाकडून काय काढून घेतलं असं मला कुणी विचारलं तर मी आई म्हणणार नाही, खेळ म्हणणार नाही, बोलीही म्हणणार नाही, जरी हे सगळं गेलं. त्याच्याकडून चुकण्याची मुभा गेली. बालपण म्हणजे ज्या काळातल्या चुका कुठे लिहून ठेवल्या जात नाहीत तो काळ. आपण कितीतरी वेळा आईच्या डब्यातले पैसे घेतले असतील. ते कुठल्याही दप्तरात नाहीत, आणि म्हणून आपण आज जे आहोत ते होऊ शकलो. या मुलाच्या आयुष्यात असं न लिहिलेलं वर्ष एकही नव्हतं. तारेबाहेरच्या मळ्यात चार चिंचा पाडल्या तर त्या चिंचांनी १८७१ पासूनचा सिद्धांत खरा ठरत होता : बघा, रक्तात आहे. आणि त्याने चिंचा पाडल्या नाहीत, तर सुधारणा यशस्वी झाली असं लिहिलं जाई. दोन्हीकडे तो पुरावा होता. मूल तो कुठेच नव्हता.

अशा जमातींची नावंही आपण शिव्या करून टाकली. ‘भामटा’ हे एका जमातीचं नाव आहे याची आज किती मराठी माणसांना आठवण आहे? शब्दकोशात तो फसवणारा माणूस झाला. आपल्या आजोबांच्या जातीचं नाव वर्गात शिवी म्हणून ऐकलेल्या पोराने घरी जाऊन काय सांगायचं?

सुधारणा करणारी माणसं

स्टार्ट यांना खलनायक करून हे प्रकरण मिटत नाही. ते कष्टाळू होते आणि त्यांचा या माणसांच्या सुधारण्यावर विश्वास होता, रक्ताच्या सिद्धांतापेक्षा हे पुढचं पाऊल होतं. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांची स्थिती तपासायला समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा तिचे सदस्य. १९३० मध्ये तिचा अहवाल आला. मिशनच्या माणसांनी वसाहतीत शाळा चालवली, आजाऱ्यांना औषध दिलं. तारेच्या आत शिकलेल्यांपैकी काहींच्या मुलांनी पुढे विमुक्तांची चळवळ उभी केली, हेही खरं.

पण म्हणूनच मला हे प्रकरण जास्त जड जातं. क्रूर माणूस पोराला मारतो तेव्हा पोराला निदान राग करता येतो. इथे त्याच्या भल्यासाठी त्याला आईपासून काढलं जात होतं. जुन्या पिढीचं काही होणार नाही, नवी पिढी हातात घेतली पाहिजे, असं चांगल्या मनाने म्हणणाऱ्या माणसांच्या नजरेत आई हीच रोगाची जागा होती. ज्याचं भलं करायचं त्याला आधी त्याच्या माणसांची लाज वाटायला लावायची, ही रीत इंग्रजांबरोबर गेली असं मला वाटत नाही.

जवाहरलाल नेहरूंनी १९३६ मध्ये नेल्लोरला या कायद्यावर कडाडून टीका केली होती. १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसचं सरकार आलं, गृहमंत्री क. मा. मुन्शी यांनी चौकशी समिती नेमली, १९३९ मध्ये तिचा अहवाल आला. मग युद्ध आलं. आपला मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. १९४३ मध्ये तो अठराचा झाला आणि ‘मूल’ या व्याख्येतून बाहेर पडला. बाहेर पडून पोचला कुठे, तर बापाच्या शेजारी, हजेरीच्या रांगेत.

तार निघाल्यावर

मुंबई इलाख्यात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जमातीवर नव्हता, व्यक्तीवर होता, पण पोलीस ठाण्यातली यादी काही एका दिवसात नवी होत नाही.

सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आहे, पुढे एक, दोन, तीन असे क्रमांक. तारेबाहेर, परवान्यावर राहणाऱ्यांची ती वस्ती. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात घालावा लागला यातच सगळं आलं. तिथे आता शिकलेली, नोकऱ्या करणारी कुटुंबं आहेत. पण पत्ता विचारला जातो आणि तो सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते तिथली पोरं अजून वाचतात. त्यांना ते वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने आयोग नेमला, सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके त्याचे अध्यक्ष होते, २००८ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्रात विमुक्त जातींना आरक्षण आहे, आश्रमशाळा आहेत. या सगळ्याची गरज होती आणि आहे. तरी खोडीचा प्रश्न यांतल्या कशात बसत नाही. एखाद्या मुलाकडे बघताना आपल्या मनात आधी काय येतं, हे शासननिर्णयाने ठरत नाही.

शेवटची नोंद माझी स्वतःची आहे. मी बरीच वर्षं शिक्षक होतो. ज्या शाळेत हे घडलं तिचं नाव सांगत नाही, गावही नाही. सहावीचा वर्ग. एका मुलीचे सहलीसाठी आणलेले दोनशे रुपये सापडेनात, ती रडायला लागली. मी म्हटलं, सगळ्यांनी दप्तरं उघडा, मी बघतो. सगळ्यांची बघणार होतो, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतरही पुष्कळ वर्षं सांगत राहिलो. पण मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली नाही. मी सरळ शेवटच्या बाकाकडे गेलो. तिथे वस्तीवरून येणारा पारध्याचा मुलगा बसायचा. त्याने दप्तर माझ्यासमोर उलटं केलं. दोन वह्या, एक पुस्तक, पाटीचा तुटका कोपरा आणि सुतळीचा एक छोटा फासा, कसलेल्या हाताने बांधलेला. आजोबाने शिकवला असेल. वर्गातली दोन पोरं हसली.

पैसे त्या मुलीच्याच कंपासपेटीत, तळाच्या कागदाखाली निघाले. मी म्हटलं, चला, झालं, बसा. त्याला वेगळं काही म्हटलं नाही. तो अकरा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी तो आला. बाकाकडे न जाता माझ्या टेबलाशी आला, दप्तर टेबलावर ठेवलं, बंद सोडले आणि तोंड माझ्याकडे करून उघडं धरलं.

“सर, आधीच बघून घ्या.”

मी म्हटलं, अरे, नको, जा बस. तो बसला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि या खेपेला दप्तर घरूनच उघडं घेऊन आला होता. फासा आत नव्हता.